वहीतला सहावा रकाना

मी पायाळू. म्हणजे सगळी माणसं आईच्या पोटातून येतात डोक्यानं, मी आलो पायांनी. फौजेत बारा वर्षं ही गोष्ट मी कुणाला कळू दिली नाही, पण गावात लपवायची सोय नव्हती. सुईणीनं ती बारशाच्या आधीच वेशीपर्यंत पोचवली होती. आमच्या भागात पायाळू माणसाला तीन कामं जन्मापासून चिकटलेली असतात. वीज कडाडली की त्यानं घरात दडून बसायचं, कारण वीज म्हणे त्यालाच हुडकत येते. कुणाला विहीर काढायची असली की त्यानं रानातून अनवाणी हिंडायचं, कारण जमिनीखालचं पाणी त्याला दिसतं. आणि कुणाच्या कमरेत उसण भरली की त्यानं तिथं पाय लावायचा. सात वेळा. पाय लावायचा हे आपलं सभ्यपणाचं बोलणं, लाथच ती.

विजेनं मला अजून हुडकलेलं नाही आणि घागरीतलं सोडून पाणी मला कुठं दिसलं नाही. राहिला पाय. दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा." गमती आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो, म्हणून जी गमत नाही तीही लिहून टाकतो. आता नाही लिहिली तर राहूनच जाईल.

कवठे महांकाळपासून पाचसहा मैलांवर आमचं गाव. फौजेच्या दवाखान्यात जखमींना पट्ट्या बांधायचं काम करून आलो होतो, म्हणून गावच्या सरकारी दवाखान्यात मला घेतलं. कागदावर मी ड्रेसर, गावाच्या तोंडी कंपौंडर. दोन खोल्या, पुढं व्हरांडा. पाटीवर डॉक्टरचं नाव खडूनं लिहायचो, कारण डॉक्टर टिकत नसत.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि सगळं गाव रस्त्याच्या कामाला लागलं. बाया-पुरुष सकाळपासून उन्हात बसून खडी फोडायची आणि पाट्या उचलून वाहायची. पंधरा दिवसांत आमचा व्हरांडा भरला. जो तो कमरेवर हात ठेवून वाकडा. कुणाची नुसती कंबर धरलेली, कुणाची कळ कुल्ल्यातून निघून पोटरीतून पार अंगठ्यापर्यंत गेलेली. तिला गावात शीर धरली म्हणायचे. आतली गोष्ट अशी की पाठीच्या दोन मणक्यांच्या मधे एकेक गादी असते. वाकून वजन उचलताना ती सरकली की बाजूच्या शिरेवर बसते, आणि शीर जिथं जिथं जाते तिथं तिथं ठणका. डॉक्टरकडं त्यावर गोळी आणि इंजेक्शन. गावाकडं बिब्बा, डाग, तेलाची रगडणी, तुंबडी, अंगारा आणि मी.

त्या साली जे डॉक्टर आले ते वाईचे. वय सत्तावीस-अठ्ठावीस, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं तोलून-मापून. त्यांना येऊन चारच दिवस झाले होते आणि शेजारच्या गावचे एक रिटायर सुभेदार दवाखान्याच्या मागच्या खोलीत भिंतीला तोंड करून उभे होते. मी हात जोडून सांगत होतो, "साहेब, तुमी सुभेदार, मी साधा शिपाई. तुमच्या कमरंत लाथ कशी घालू?"

"आर्डर हाय माझी! देखता क्या है? मार!"

आता आर्डर म्हटल्यावर काय करणार. मी टाचा जुळवल्या, त्यांच्या पाठीला कडक सॅल्यूट ठोकला आणि सुरुवात केली. पाचवी लाथ घालताना दारात डॉक्टर.

"हे काय चाललंय?"

सुभेदारांनी तोंडसुद्धा वळवलं नाही. "ट्रीटमेंट चाललीया. तुमी भाईर थांबा."

मला वाटलं, गेली नोकरी. सुभेदार गेल्यावर डॉक्टरांनी मला समोर उभं केलं. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "बरं वाटतं का लोकांना?"

"वाटतंय म्हनत्यात."

"म्हणत्यात नको. किती जणांना वाटतं, किती दिवसांनी वाटतं? आणि ज्यांना तुम्ही लाथ घातली नाही, त्यांना किती दिवसांनी वाटतं?"

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "मलाही माहीत नाही. माझ्या गोळीनं खरंच बरं वाटतं का, तेही मला माहीत नाही. आपण बघू या."

डॉक्टर असं बोलू शकतो हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. बघू या म्हणजे काय, तर त्यांनी लाल बांधणीची एक लांबोडी वही आणली आणि फूटपट्टीनं आठ रकाने आखले. नाव-गाव. काम काय. दुखणं कुठून कुठपर्यंत. उताणं निजवून पाय सरळ उचलला तर किती उचलतो. अंगठ्यात जोर आहे का. सहावा, लघवी कशी होते. सातवा, उपाय काय केला, मग तो आमचा असो, वैदूचा असो की देवऋषीचा. आणि आठवा, सहा आठवड्यांनी माणूस कसा आहे. वही माझ्या हवाली. सायकल सरकारी.

सहाव्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं होतं, ते बोट मला अजून दिसतं. म्हणाले, "कंपौंडर, बाकीचं काही चुकलं तर वही चुकेल. हा चुकला तर माणूस जाईल. मणक्याची गादी फार मोठी सरकली तर खालच्या सगळ्याच शिरा चेंगरतात. दोन्ही पायांत कळ येते, बसायची जागा बधिर होते, लघवी अडते नाहीतर नकळत होते. असं दिसलं की गोळी नाही, लाथ नाही, काही नाही. त्याच दिवशी मिरज. दुसऱ्या दिवशी उशीर झालेला असतो."

मी "व्हय साहेब" म्हणालो. फौजेतला माणूस, हुकूम समजला होता.

वहीचं काम मला लागलं मात्र भलतंच गोड. सायकल मारत वाड्या-वस्त्यांवर जायचं, वाकलेल्या माणसांना निजवून पाय उचलायचे, रकाने भरायचे. सुभेदारांचे सहा आठवडे भरले तेव्हा ते अंगणात खडखडीत उभे होते.

"कशानं बरं वाटलं साहेब?"

"तुझ्या लाथंनं! दुसरं कशानं?"

तेवढ्यात त्यांच्या बायकोनं आतून आवाज दिला, "आन डाग दिलाय त्यो? आन वस्तादाकडनं तेल चोळून घेतलंसा त्ये? आन डाक्टरच्या गोळ्या?" सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि आभाळाकडं बघितलं.

सगळीकडं हीच तऱ्हा. माणूस चार उपाय करायचा आणि जो शेवटी केला त्याच्या गळ्यात हार. माझी लाथ शेवटी असली की मी देवमाणूस, गोळी शेवटी असली की डॉक्टर. डॉक्टर मग लोकांना हात जोडून सांगायला लागले, बाबांनो, एका वेळी एकच काहीतरी करा. थोड्यांनी ऐकलं. त्या थोड्यांची पानं वेगळी काढून एके दिवशी डॉक्टर बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, "बहुतेक माणसं सहा आठवड्यांत आपली आपण बरी होतात हो. बिब्बा असो, गोळी असो, तुमचा पाय असो. आपण सगळे मधल्या काळात त्यांना धीर देतो, एवढंच."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? लहानपणापासून ऐकलेला पायाचा महिमा एका वाक्यात उतरवला त्यांनी. पण ते स्वतःचंही सोडत नव्हते. कमरेच्या पट्ट्याला विटा टांगून ताण देत त्यांनी काही माणसं तीन-तीन आठवडे निजवून ठेवली होती. ती माझ्या लाथेच्या माणसांपेक्षा उशिरा कामाला लागली. त्यांनी ते वहीत तसंच लिहायला लावलं आणि म्हणाले, "विटा काढा. ठेवा चुलीला."

याच वहीसाठी मी जतच्या वाटेवरच्या एका वस्तीवर धोंडीबा नावाच्या म्हाताऱ्याकडं गेलो होतो. हा डाग देणारा. विळ्याचं टोक निखाऱ्यात लाल करून टाचेच्या वर टेकवायचा. माणूस किंचाळायचा आणि उठून चालायला लागायचा. न चालून सांगतो कुणाला. मी गेलो तेव्हा एक बाई आली होती. म्हाताऱ्यानं विळा निखाऱ्यात घातला नाही. आधी आपल्या म्हातारीला हाक मारली. म्हातारी बाईला भिंतीआड घेऊन गेली आणि परत येऊन म्हणाली, "नीट हुतीया म्हनं." मगच विळा तापला.

मी विचारलं, "काय नीट हुतीया?"

"मुतायला," म्हातारा म्हणाला. "ज्येचं खालचं मेलंय त्येला वरनं डाग देऊन काय उपेग? तसल्याला मी हात लावत न्हाई. सरळ मिरजंला धाडतो."

आता बघा, डॉक्टरांनी बोट ठेवून सांगितलेली तीच गोष्ट हा अंगठाबहाद्दर म्हातारा सांगत होता. मी तिथंच शहाणा व्हायला पाहिजे होतो. मी काय केलं? वहीच्या कडेला लिहिलं, "म्हातारा म्हातारीकरवी बायकांना भलतंसलतं विचारतो. गावंढळ." आणि डॉक्टरांना त्यातलं काही बोललो नाही.

का, तेही सांगतो. पहिल्या आठवड्यात मी एका बाईला सहाव्या रकान्याचं विचारलं होतं. ती पदर तोंडात धरून उठली ती चालतीच झाली. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा व्हरांड्यात. "काय इच्यारलंस रं माझ्या बायकूला?" चार माणसांत त्यानं माझी गचांडी धरली. डॉक्टर नेमके कवठ्याला गेले होते. मी कसाबसा सुटलो, आणि त्या दिवसापासून बाईमाणसाला तो प्रश्न विचारायचा बंद झालो. पुरुषांना विचारायचो. बायकांच्या पानावर सहाव्या रकान्यात आपल्याच मनानं लिहायचो, "ठीक". मनाची समजूत काढून ठेवली होती, की सांगण्यासारखं असलं तर बाई आपण होऊन सांगेल. आणि बहुतेक सगळी बरी होतच होती. त्यामुळं तो "ठीक" कधी टोचलाही नाही. पानामागून पान मी तो लिहीत गेलो.

आता वैनी. माझी आई मी पाच-सहा वर्षांचा असताना गेली. त्याच साली थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं लग्न झालं आणि चौदा वर्षांची वैनी घरात आली. खेळायच्या वयात तिच्या काखेत मी. तिनं मला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत नेऊन बसवलं, मी फौजेत जाताना एसटीमागं गावाबाहेरच्या पांदीपर्यंत पळत आली. लोक तिला माझी वैनी म्हणत. मला ती आईच.

एका मंगळवारी सकाळी वैनी भिंतीला धरत धरत दवाखान्यात आली. डॉक्टर आतल्या खोलीत एका पोराला टाके घालत होते. वैनीला मी मागच्या खोलीत नेलं.

"पाटी उचलताना कट्कन वाजलं रं बापू. आता दोनी पायात मुंग्या भरल्यात."

दोन्ही पाय. हे मी माझ्याच हातानं तिसऱ्या रकान्यात लिहिलं. लिहिलं आणि पुढं गेलो.

"तुझा पाय लाव," वैनी म्हणाली.

"वैनी! तुमच्या अंगाला मी पाय लावू? पाप लागंल मला."

"मी सांगती न्हवं? गावाला लावतूस आनि मला न्हाई व्हय? लाव म्हनती."

माझी सगळी घालमेल त्या पापापाशी अडकली. आईसारख्या बाईला पाय कसा लावायचा, याच्यापुढं माझा विचारच गेला नाही. मी आधी तिच्या पायावर डोकं ठेवलं. मग डोळे मिटून, टेकवल्यासारखा, सात वेळा पाय लावला. वही उघडली. सहाव्या रकान्यात माझ्या हातानं सवयीनं लिहिलं, "ठीक".

वैनी दारापर्यंत गेली आणि थांबली. "आनि बापू..."

"काय वैनी?"

तिनं व्हरांड्यातल्या माणसांकडं बघितलं. "काय न्हाई. तुझी मानसं खोळंबल्यात. बघ त्येंचं."

मी तिला बोलावून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी जेवायला बसलो होतो. माझी बायको सुमन भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आवं, अक्का आज कामाला गेल्या न्हाईत." वैनीला ती अक्का म्हणायची.

"कंबर धरलीया. हुईल कमी."

"त्ये न्हवं. त्येंचं लुगडं भिजल्यालं, आनि त्येंस्नी कळलंबी न्हाई. कालधरनं लागल्यागत हुईतच न्हाई म्हनत्यात. मलाच लुगडं धुवाय दिलं. कुनाला सांगू नगं म्हनल्यात, पर मला कसंतरीच वाटाय लागलंय."

घास हातातच राहिला. मी तसाच उष्ट्या हातानं दवाखान्याकडं पळत सुटलो. आयुष्यात दोन लढाया जवळून बघितल्या, पण असा कधी पळालो नव्हतो. डॉक्टरांपुढं उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, माझी वैनी. सहावा रकाना."

डॉक्टरांनी वही ओढली. पान काढलं. "इथं तर ठीक लिहिलंय. कालच विचारलंत ना?"

खोटं बोलायला एक क्षण होता. तेव्हा ठीक होती, नंतर झालं, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"न्हाई साहेब. इच्यारलं न्हाई. बायकांस्नी मी इच्यारतच न्हाई."

डॉक्टरांनी मागची पानं उलटली. एक, दोन, दहा. बाईचं नाव, ठीक. बाईचं नाव, ठीक. त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडं न बघता बॅग उचलली. "चला."

घरी वैनी बाजेवर पडलेली. डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली. मांड्यांच्या आतल्या बाजूला तिला टोचलेलं समजत नव्हतं. डाव्या पायाचा अंगठा वर उचलत नव्हता. ओटीपोट टम्म. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. वैनीनं तोंड भिंतीकडं केलं. सुमननं वाकून कान लावला आणि सांगितलं, "काल सकाळधरनं. पाटी उचलली तवाधरनं."

म्हणजे मी पाय लावला तेव्हाच ती तशी होती.

मी लघवी काढायची रबरी नळी चुलीवर उकळून दाराशी दिली. आत डॉक्टर आणि सुमन. मी बाहेर उंबऱ्यापाशी पाठ करून उभा. परातीत धार पडायला लागली ती थांबेचना. जे विचारायची मला लाज वाटली होती, ते मी उभ्या-उभ्या ऐकत होतो. दादा खांबाला टेकून बसला होता. त्याला काहीच कळत नव्हतं.

गाडी कुठली? रस्त्याच्या कामावरचा खडीचा ट्रक होता. डॉक्टर स्वतः पळत गेले आणि तो रिकामा करून घेऊन आले. फौजेत शिकलो होतो, पाठ मोडलेल्या माणसाला झोळीत न्यायचं नाही. मी घराचं दार बिजागऱ्यातून उचकटलं, त्यावर वैनीला निजवलं, लुगड्यानं बांधलं आणि चौघांनी ट्रकात चढवलं. दादा उशाशी, सुमन पायथ्याशी, मी दोन्ही हातांनी तिची कंबर धरून.

रस्त्यावर खडी पसरलेली होती, रोलर अजून फिरला नव्हता. एकेका दणक्याला दार उचलायचं. वैनी दात आवळून म्हणाली, "ही खडी मीच फोडलीया रं बापू. आता माझ्याच कमरंत घुसाय लागलीया."

मी तिला दर मैलाला विचारत होतो. "वैनी, पाय हलतूया का? वैनी, बोट हलवा. वैनी, इथं हात लावलेला कळतूया का?" शेवटी ती चिडली. "किती वेळा इच्यारतूस रं?"

कवठ्यावरून मिरज काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता सरता सरेना. मधे रेल्वेचं फाटक बंद लागलं. मी ट्रकातून उडी मारून फाटकवाल्याच्या पाया पडलो. तो म्हणाला, गाडी दिसतीय समोर, कसं उघडू? मालगाडी होती. एकेक डबा मोजत मी उभा राहिलो.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात उन्हं कलती व्हायच्या आत तिला आत नेलं. बाहेर लिंबाच्या झाडाखाली दादा आणि मी. दादानं विचारलं, "बापू, खरं सांग. तुझ्या पायानं झालं का रं ह्ये?"

"न्हाई दादा. पायानं न्हाई."

ते खरंच होतं. टेकवलेल्या पायानं गादी सरकत नाही. दादानं सुस्कारा सोडला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढचं मी सांगितलं नाही. दादाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. सहाव्या रकान्याचं त्याला मी कधीच सांगितलं नाही. एवढी हिंमत मला झाली नाही.

ऑपरेशन करणारे डॉक्टर बाहेर आले ते एवढंच म्हणाले, "पाय बहुधा वाचतील. बाकीचं आत्ता सांगता येत नाही. काल आणायला पाहिजे होतं."

वैनी दोन महिन्यांनी घरी आली. उजवा पाय परत आला. डावा ओढत चालते, काठी लागते. पण बाकीचं जे होतं ते परत आलं नाही. लघवी लागलेली तिला कळत नाही ती नाहीच. घड्याळ बघून जावं लागतं, नाहीतर अंगावर होतं. वैनीला घड्याळ वाचता येत नाही. घरासमोर शाळा आहे. शाळा भरल्याची घंटा, मधल्या सुट्टीची, जेवणाची, सुटल्याची, अशा घंटांवर तिनं आपलं अंग बसवलं.

वहीचं सांगायचं राहिलं. डॉक्टर ती सांगलीला डॉक्टरांच्या बैठकीत वाचून दाखवणार होते, महिनाभर त्याची तयारी चालली होती. त्यांनी बायकांची सगळी पानं बाद केली. निम्मी वही गेली. पुरुषांची पानं तेवढी घेऊन गेले आणि पहिलंच वाक्य म्हणे असं बोलले, की आमच्या वहीत बायकांना विचारलेलं नाही, ही चूक माझी आहे. माझी म्हणाले, कंपौंडरची म्हणाले नाहीत. मला ते एका शब्दानं बोलले असते तर बरं झालं असतं. शिव्या सोसायची सवय फौजेत झाली होती, याची नव्हती.

धोंडीबाची ती कडेची ओळ त्यांनी नंतर वाचली. मला हाक मारून ती मोठ्यानं वाचायला लावली. मग म्हणाले, "या म्हाताऱ्याची वही आपल्यापेक्षा चांगली आहे. डोक्यात ठेवलीय एवढंच." दुसऱ्या दिवशी सायकलवर जाऊन त्याला भेटून आले. त्याच्या डागाला त्यांनी कधी मान दिला नाही, पण त्याच्या म्हातारीला दिला. व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात लुगड्याचा पडदा लावला आणि त्याच्या आड सुमनला बसवली. ती दोन पोरांची आई, लाजबिज तिला ठाऊक नाही. "काय गं, नीट हुतीया न्हवं?" असं ती इतक्या सहज विचारायची की बायका हसून सांगायच्या. पुढच्या वर्षांत त्या पडद्याआडून दोन बायका सरळ मिरजेला गेल्या आणि आपल्या पायांनी चालत परत आल्या. लोक पायाळूचं नाव घ्यायचे. मी म्हणायचो, पाय माझा आहे, पण गुण बायकोच्या तोंडाचा.

लाथ मी नंतरही घालत राहिलो. लोक ऐकत नाहीत. पण आधी विचारल्याशिवाय पाय उचलला नाही, मग ती बाई असो की सुभेदार.

रिटायर झाल्यापासून माझं एक काम आहे. रविवारी आणि सुट्टीला शाळेची घंटा होत नाही. त्या दिवशी मी वैनीच्या सोप्यात जाऊन बसतो, मनगटावर घड्याळ, आणि वेळ झाली की तिला सांगतो. सोप्यात पाव्हणे असोत, सुना-नातवंडं असोत, मी सांगतो. सुरुवातीला लोक हसायचे.

एवढी वर्षं मी एका गोष्टीवर तग धरून होतो. मी विचारलं असतं तरी वैनीनं सांगितलं नसतं. त्या काळची बाई, दिराला असलं सांगेल होय? पहिल्या आठवड्यातली ती बाई उठून चालती झाली, तशी हीही झाली असती. रोज निजताना मी हे स्वतःला सांगत आलो. हा लेख लिहायला घेतला आणि वाटलं, एकदा विचारून घ्यावं. गेल्या रविवारी विचारलं.

"वैनी, त्या दिशी मी तुमाला लघवीचं इच्यारलं असतं, तर तुमी सांगितलं असतं का?"

वैनी शेंगा फोडत होती. हातातली शेंग फोडून तिनं दाणे सुपात टाकले.

"सांगितलं असतं की."

"लाज न्हाई वाटली असती?"

"तुझी कसली रं लाज? तुला हगल्या-मुतल्याला मी धुतलाय. दारात थांबून सांगायलाच लागली हुती मी. म्हनलं, इच्यारतूय का बघू." तिनं दुसरी शेंग उचलली. "तू इच्यारलं न्हाईस."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी सुपातली टरफलं वेचायला लागलो.

मग तीच म्हणाली, "किती वाजलं बघ जरा."

मी मनगट वर केलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळं काटे दिसेनात, धोतराच्या सोग्यानं पुसून पुन्हा बघितलं.

"उठा वैनी," मी म्हणालो, "लघवीची वेळ झालीया."